गळ त्यांचाही, गळ आपलाही

(उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा इथल्या मेळाव्यात जानेवारी १९९८ मध्ये केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. गावच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



सकाळपासून इथं जमिनीचंच बोलणं चाललंय. कोणाजवळ दंडाची पावती आहे, कोणाजवळ पंचनाम्याची नक्कल, कोणाजवळ काहीच नाही. ते बोलणं संपलेलं नाही, उद्याही चालायचं. पण मधल्या वेळात आम्हाला नदीबद्दल बोलायला सांगितलं आहे. काही जण म्हणतील, नदीचं काय एवढं? नदीचा कोणी सातबारा मागतो का?

तेच तर सांगायचं आहे. जमिनीचा निदान कुठं तरी कागद निघतो. नदीत आपण पिढ्यान् पिढ्या मासे धरले, खेकडे काढले, झिंगे गाळले, त्याचा कागदावर टिपकाही नाही. आणि ज्याचा कागद नाही ते तुमचं नाही, असं आता आपल्याला ऐकवलं जातंय.

मागच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एका पोराला ओढ्यावर धरलं. हातात काय होतं? बांबूची काठी, तंगूस, एक गळ, आणि पिशवीत बोटाएवढे पाच-सहा मासे. गळ जप्त, पिशवी जप्त, कोऱ्या कागदावर अंगठा. दुसऱ्या दिवशी पोराचा बाप हात जोडायला गेला. त्याला सांगितलं, "बाबा, आता हे अभयारण्य झालं. इथं मासा धरणं म्हणजे शिकार." आणि मग तोच माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "पुढं इथं पर्यटन येईल. शहरातले लोक गळ घेऊन येतील. त्यांना वाट दाखवायला तुझ्या पोराला लावू. रोजी मिळेल."

बाप घरी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गळ त्यायच्याही हातात राहीन, गळ आमच्याही हातात होता. मंग आमचाच काहून चोरीचा?"

हा प्रश्न तेव्हापासून आम्ही डोक्यात घेऊन फिरतोय. आज त्याचंच बोलू.

साहेबाचा गळ

आधी हे गळवाले पाहुणे कोण ते समजून घेऊ. आपल्यातल्या पुष्कळांनी ते पाहिलेले नाहीत, म्हणून हसू येईल, पण ऐका.

आपण मासा धरतो तो खायला, नाही तर बाजारात विकायला. हे लोक मासा धरतात तो खेळ म्हणून. त्यांची काठी लवचिक असते, सांधे जोडून लांब करायची. काठीच्या मुठीजवळ दोरा गुंडाळायचं चाक. त्यांच्यातले काही जण गळाला गांडूळ किंवा पीठ लावतच नाहीत. गळावर पिसं आणि रेशमाचा धागा बांधून खोटी माशी करतात. त्या पिसाला वजन नाही, म्हणून दोराच जड केलेला असतो. काठी पुढं-मागं हलवून तो दोरा पाण्यावर अलगद उतरवायचा, म्हणजे माशाला वाटावं खरंच माशी बसली. मासा लागला की त्याला दमवायचा, जवळ आणायचा, फोटो काढायचा आणि पुष्कळदा परत पाण्यात सोडायचा. सोडायचा म्हणून गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट करतात. त्यानं माशाचं तोंड फाटत नाही. ही गोष्ट चांगली आहे, ती चांगली म्हणायला आपल्याला लाज नाही.

या लोकांचा आवडता मासा म्हणजे महसीर. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. इंग्रज साहेबांना त्याचं वेडच होतं. १९४६ साली कर्नाटकातल्या कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर गळाला लागला, त्याचं नाव ते अजून काढतात. आपल्या महाराष्ट्रातही मुंबईच्या पवई तलावावर गळवाल्या शौकिनांची संघटना आहे. आणि तिकडं कर्नाटकात कावेरीच्या काठी, भीमेश्वरीला, सरकारच्याच पर्यटन कंपनीचा मुक्कामाचा तळ आहे. देशी-विदेशी पाहुणे तिथं महसीर धरायला येतात.

आता नीट ऐका. तो तळ कावेरी अभयारण्यात आहे. म्हणजे एका अभयारण्यात बोटाएवढा मासा धरला तर शिकार, आणि दुसऱ्या अभयारण्यात माणसाएवढा मासा धरला तर पर्यटन. आमच्या ओट्यावरच्या बाबानं जे विचारलं ते एवढंच.

आणि तिथं पाहुण्याला मासा कोण दाखवतो? काठचाच गावकरी. पाहुण्याची काठी कितीही भारी असो, कोणत्या डोहात खडक कुठं आहे, पाणी चढताना मासा कोणत्या बाजूनं येतो, संध्याकाळी कोणत्या धारेत उभा राहतो, हे काठीला कळत नाही. नाचणीच्या पिठाचा गोळा शिजवून, मळून गळाला लावायचा तो गावकऱ्यानं. बांबूची विणलेली, टोपलीसारखी गोल होडी असते, ती एका वल्ह्यानं फिरवत न्यायची ती गावकऱ्यानं. पाहुणा पाण्यात पडला तर काढायचा तोही गावकऱ्यानं. तिथले कितीक वाटाडे आधी चोरून मासे मारणारे म्हणून धरले गेलेले होते. काल चोर, आज वाटाड्या. माणूस तोच, नदी तीच, अक्कल तीच. बदलला तो फक्त मालक.

आम्ही रोजीच्या विरोधात नाही. पोरांना काम मिळालं तर कोणाला नको? पण तळाचा परवाना कंपनीच्या नावावर आणि वाटाड्याच्या नावावर फक्त रोज, असं असेल, तर तळ ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी वाटाडा पुन्हा चोर. म्हणून आमचं म्हणणं आहे, आधी हक्क, मग रोजी.

आपली अवजारं

आता आपल्याकडं बघू. आपली मासेमारी कशाची? उथळ पाण्यात फेकजाळं. डोहात गळ. वाहत्या ओढ्यात दगडांचा आडवा बांध घालून मधल्या तोंडाशी बांबूचा सापळा. थंडीत पाणी उतरलं की डबक्यातलं पाणी उपसून हातानं धरायचं. मरळ, वाम, शिंगाडा, आणि बारीक मासे तर कितीक. होडी म्हणाल तर बहुतेकांजवळ ट्रकच्या चाकाची ट्यूब, नाही तर थर्माकोलचा तराफा. लाकडी डोंगा असलेले घर बोटावर मोजण्याएवढं.

यातलं निम्मं काम बायका-पोरांचं आहे. झिंगे गाळणं, दगडाखालचे खेकडे काढणं, लुगड्याच्या पदरानं बारीक मासे धरणं. पण कोणी विचारलं, तुमच्या गावात मासेमारी कोण करतं, तर गावचे पुरुष दोन जाळेवाल्यांची नावं सांगतात. बायकांचं नाव कोणी घेत नाही. असा दावा लिहिला तर उद्या जाळ्याला परवानगी मिळेल आणि पदराला मिळणार नाही. म्हणून लिहिताना सगळं लिहायचं. कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्यात, कशानं, कोण.

दुसरी गोष्ट आपल्या भोई भावांची. धरणात, मोठ्या तलावात मासेमारीच्या सोसायट्या आहेत, त्यात भोई भाऊ आहेत. जाळं हाच त्यांचा पिढीजात धंदा. ते वरून तलाव घेतात, आपण खाली ओढ्यात धरतो. कोणी येऊन सांगेल की भोयांनी तुमचा मासा नेला, नाही तर आदिवासींनी त्यांचा मासा नेला. या भांडणात पडू नका. दोघांचंही पाणी जातंय.

कायदा काय म्हणतो

कायदा आपल्याला घाबरवायलाच सांगितला जातो, समजवायला नाही. आज थोडा समजून घेऊ.

पहिला, १९२७ चा भारतीय वन कायदा. त्याचं २६ वं कलम राखीव जंगलातल्या गुन्ह्यांचं आहे. त्यात एकाच ओळीत लिहिलंय, शिकार करणं, मासे धरणं, पाण्यात विष घालणं, फासे लावणं. म्हणजे साहेबाच्या हिशेबात मासा धरणारा आणि नदीत विष घालणारा एकाच पंगतीला. पण त्याच ओळीच्या आधी आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती कोणी सांगत नाही. राज्य सरकारनं केलेल्या नियमांच्या विरुद्ध जो हे करील, तो गुन्हेगार. म्हणून पुढच्या वेळी कोणी जाळं धरलं तर शांतपणे विचारायचं, "साहेब, कोणता नियम मोडला? नंबर सांगा, लिहून द्या." वाद घालायचा नाही, हात उचलायचा नाही. विचारायचं आणि लिहून मागायचं. कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच द्यायचा नाही.

दुसरा, १९७२ चा वन्यजीव कायदा. मागच्या वर्षी, १९९७ साली, आपल्या जिल्ह्यात अंबाबारवा आणि ज्ञानगंगा ही दोन अभयारण्यं जाहीर झाली. एक तिकडं सातपुड्याच्या पायथ्याला संग्रामपूर तालुक्यात, दुसरं इकडं बुलढाणा आणि खामगावच्या मधल्या डोंगरात. म्हणून तर ही बैठक खामगाव-चिखली रस्त्यावर उंद्रीला ठेवली, दोन्हीकडच्या लोकांना येता यावं. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय काहीही काढून नेता येत नाही, असं २९ वं कलम सांगतं. आपल्यावर केस होते ती याच्या आधारानं.

पण हाच कायदा त्याच्या आधीच्या कलमांत काय सांगतो? अभयारण्य करायचं ठरलं की लोकांचे हक्क तपासायचे. २१ व्या कलमाप्रमाणं कलेक्टरनं आतल्या आणि आसपासच्या प्रत्येक गावात, लोकांच्या भाषेत, जाहीरनामा काढायचा. त्या दिवसापासून दोन महिन्यांच्या आत ज्याचा जो हक्क असेल त्यानं लेखी मांडायचा. २२ वं कलम तर आणखी पुढं जातं. ज्यानं दावा टाकला नाही त्याचाही हक्क सरकारी दप्तरातून आणि माहितगार माणसांच्या साक्षीतून शोधायचा, असं ते म्हणतं. आणि २४ व्या कलमात, १९९१ च्या दुरुस्तीनंतर, एक वाट ठेवली आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाशी सल्लामसलत करून कलेक्टर एखादा हक्क अभयारण्याच्या आतही चालू ठेवू शकतो.

ही कलमं वर्षानुवर्षं झोपून राहिली. देशभर अभयारण्यं जाहीर झाली आणि हक्क तपासायचे राहून गेले. शेवटी २२ ऑगस्ट १९९७ ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की जिथं जाहीरनामे निघाले नाहीत तिथं दोन महिन्यांत काढा आणि पुढचं सगळं काम एका वर्षात संपवा. आता तुम्हीच सांगा, तुमच्यापैकी किती गावांत दवंडी ऐकू आली? कोणाच्या चावडीवर कागद लागला? हात वर करा.

(एकही हात वर झाला नाही. — संपादक)

बघा. म्हणजे घाई आपल्याला करायची आहे. वर्ष धावत संपेल, आणि मग सांगतील की मुदत होती, तुम्ही आला नाहीत.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडं पुष्कळ जंगल आधीपासून राखीव आहे. अधिकारी म्हणतील, राखीव जंगलातले हक्क राखीव करतानाच निकाली निघाले, आता पुन्हा तपासायचं काही नाही. तेव्हा म्हणायचं, ठीक, मग तेव्हाचा चौकशीचा कागद दाखवा. आमच्या गावाचं नाव त्यात आहे का? मासेमारीबद्दल काय लिहिलंय? १९२७ च्या कायद्यातही जंगल राखीव करण्याआधी जाहीरनामा आणि निदान तीन महिन्यांची मुदत आहे. तो कागद मिळाला तर आपल्या कामाचा, नाही मिळाला तरी आपल्या कामाचा.

आणखी एक कागद तहसीलमध्ये बघायचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या १६५ व्या कलमात वाजिब-उल-अर्ज नावाची नोंद आहे. गावच्या रिवाजांची ही नोंद, आणि त्यात मासेमारीचा हक्क असं नाव घेऊन लिहिलं आहे. ती सरकारच्या ताब्यात नसलेल्या जमिनी-पाण्याबद्दल असते, सगळ्या नदीला लागू नाही. पण तुमच्या गावच्या वाजिब-उल-अर्जात मासे धरण्याचा रिवाज लिहिलेला निघाला, तर पिढ्यान् पिढ्यांचा तो पुरावा झाला. निस्तारपत्रकही त्याच फेरीत मागून घ्या.

कोणी विचारेल, ते नवं पंचायतीचं आदिवासी क्षेत्राचं बिल आलं ना, त्याचं काय? डिसेंबर १९९६ च्या त्या कायद्यात लहान जलसाठ्यांचा कारभार पंचायतीकडं द्यायचं लिहिलं आहे. पण तो अनुसूचित क्षेत्रापुरता. शेजारचे धारणी, चिखलदरा त्यात येतात, बुलढाणा जिल्हा येत नाही. नदीच्या त्या काठाला लागू आणि या काठाला नाही. मागणी करत राहू, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

तीन ठिकाणची गोष्ट

आता आपल्यासारखेच लोक दुसरीकडं काय करतायत ते बघू.

पहिली गोष्ट पेंचची. नागपूरच्या वर, तोतलाडोहचा जलाशय. मध्य प्रदेशच्या बाजूनं राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींच्या ३०५ कुटुंबांना तिथल्या सरकारनं मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध प्राणी आणि पर्यावरणवाल्यांची एक संस्था सुप्रीम कोर्टात गेली. मार्च १९९७ मध्ये निकाल लागला. कोर्टानं परवाने रद्द केले नाहीत. जंगल जपायचंच, पण तिथं राहत आलेल्या आदिवासींच्या पोटाचाही विचार करायचा, असा त्याचा अर्थ. मात्र अटी घातल्या. प्रत्येकाला फोटोचं ओळखपत्र. जाण्या-येण्याची वाट ठरलेली. काठावर चूल पेटवायची नाही, पाण्यात घाण टाकायची नाही. रोज किती मासे धरले त्याची नोंद. यातल्या पुष्कळ अटी आपण स्वतःहूनही पाळू. पण परवाना आणि हक्क यातला फरक ओळखा. परवाना ३०५ नावांचा आहे. उद्या त्या घरातला पोरगा मोठा झाला, त्याचं नाव कुठं? परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो.

दुसरी गोष्ट तवा धरणाची, मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात. त्या धरणात ४४ गावं गेली, गोंड आणि आपल्या कोरकू भावांची. शेतं पाण्याखाली, आणि पाण्यातला मासा दुसऱ्याचा. आपल्याच बुडालेल्या शेतावर मासा धरला तर चोर. ते लोक केसल्याच्या किसान आदिवासी संघटनेत एकत्र आले, मोर्चे काढले, मार खाल्ला. शेवटी १९९६ साली त्यांच्या तवा मत्स्य संघाला पाच वर्षांसाठी जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळाला. आता गावोगावच्या सहकारी सोसायट्या मासा धरतात आणि संघ विकतो. अंडी घालायच्या दिवसांत, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, जाळी बंद ठेवायची असतात, त्या दिवसांत राखण ते स्वतः करतात. हातात कारभार आला की राखण ओझं वाटत नाही, हे तिथं दिसतंय.

तिसरी गोष्ट लांबची आहे, कॅनडा देशातली. तिथं फ्रेझर नदीच्या मुखाशी मस्क्वीम नावाचे आदिवासी राहतात. १९८४ साली त्यांच्यातल्या रोनाल्ड स्पॅरो नावाच्या माणसाला सरकारनं धरलं. गुन्हा काय? जाळं लांब होतं. परवान्यात २५ वाव जाळं, म्हणजे सुमारे ४५ मीटर. याचं होतं ४५ वाव, म्हणजे ८२ मीटर. तो म्हणाला, मी मोजमापावर भांडत नाही. माझे पूर्वज इथं मासे धरत आले, हा माझा हक्क आहे, तुमची मेहेरबानी नाही. सहा वर्षं केस चालली. १९९० साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याचं मूळ म्हणणं मानलं. कोर्टानं जो क्रम लावला तो आम्ही पाठ केला आहे, तुम्हीही करा. सगळ्यात आधी मासा वाचला पाहिजे. त्याच्यानंतर आदिवासींचं पोट. त्याच्यानंतर धंदेवाले आणि गळाचे शौकीन.

आपल्याकडं क्रम उलटा लावायचं चाललंय. आधी शौकीन, मग ठेकेदार, आणि उरलं तर आपण वाटाडे.

त्याच कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, पाहुण्यांना मासेमारीला नेणाऱ्या वाटाड्याला लायसन घ्यावं लागतं. नावाजलेल्या नद्यांवर तर वर्षात किती दिवस पाहुणे न्यायचे तेही बांधून दिलेलं आहे. म्हणजे वाटाड्याचा धंदा हा नियमाचा धंदा आहे. मग तो नियम आपल्या नदीवर कोण करणार, एवढाच प्रश्न.

आपलीही चूक

दुसऱ्याला बोललो, आता आपल्याला बोलू. इथं बसलेल्यांपैकी कोणी ओढ्यात औषध टाकलं नाही का? कपाशीवरच्या फवारणीचं औषध डबक्यात ओतायचं आणि वर आलेले मासे गोळा करायचे. त्यात पिल्लंही मरतात, बेडूकही मरतात, खाली गुरं पाणी पितात. कोणी विहिरीच्या सुरुंगाची तोटा डोहात फोडतो. कोणी विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडतो, त्यात मासा मरतो आणि कधी माणूसही. सुरुंगाला आणि विषाला बंदी इंग्रजांच्या १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून आहे. पण कायदा राहू द्या. विष घालणाऱ्याच्या तोंडून हक्काचं बोलणं शोभत नाही.

दुसरी चूक चढणीच्या माशांची. पहिल्या पावसात मासा पोटात अंडी घेऊन धारेला चढतो. तेव्हा तो धरायला सोपा, म्हणून आपण मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आडवी लावतो. एक मासा धरला म्हणजे त्याच्या पोटातले हजार धरले. म्हातारे म्हणतील, आम्ही तर लहानपणापासून खातोय. बरोबर. पण तेव्हा नायलॉनचं जाळं नव्हतं आणि ओढ्याला चारही महिने पाणी होतं.

राखायचं कसं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तिकडं रायगड जिल्ह्यात, महाडच्या वरच्या डोंगरात वाळण कोंड म्हणून डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे, म्हणून कोणी धरत नाही. ठाणे जिल्ह्यात वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या देवळाशी वैतरणेत तसंच. तिथं महसीर लोकांच्या हातातून खायला येतो. ना गार्ड, ना चौकी. आपल्याकडंही असे देवाचे डोह होते. कोणते होते, कोणते राहिले, ते म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून घ्या.

वाटाडा कोणाचा

आता त्या बाबाच्या प्रश्नाकडं परत येऊ. उद्या खरंच गळवाले पाहुणे आले तर? येऊ नका म्हणून आपण काठ्या घेऊन उभे राहणार नाही. पण वाटाडा ठेकेदाराचा नसेल, गावाचा असेल. त्यासाठी आम्ही काही नियम मांडतो. हे शेवटचे नाहीत, गावसभेत कमी-जास्त करा.

एक. वाटाडा गावसभा निवडेल, एका घरातून एकच, आळीपाळीनं. त्याचा रोज गावसभा ठरवेल आणि तो पाहुण्याकडून सरळ मिळेल, मधल्या माणसाकडून नाही. पाहुण्याकडून गावाचीही फी घ्यायची. तिचा हिशेब चावडीवर लावायचा.

दोन. पाहुण्याचा गळ एक काट्याचा आणि उलटा काटा दाबलेला. मासा सोडायचा असेल तर ओल्या हातानं धरायचा, पाण्याबाहेर घेऊन बसायचा नाही. खायला न्यायचा असेल तर किती, ते गाव सांगेल.

तीन. चढणीच्या दिवसांत आपलंही जाळं बंद, त्यांचाही गळ बंद. नियम दोघांना सारखा. हा नियम मोडला तर पाहुण्याआधी आपल्या माणसाला दंड.

चार. देवाच्या डोहावर, पाणवठ्यावर, बायकांच्या आंघोळीच्या जागेवर कोणालाही नेणार नाही. दारू पिऊन आलेल्याला नेणार नाही.

पाच. मोटारीची होडी ओढ्या-नदीत नको. तिच्या लाटेनं काठ सुटतो आणि माशाची अंडी गाळात जातात. ट्यूबवर किंवा तराफ्यावर पाहुण्याला बसवायचं नाही. आपली माणसंही रात्री एकटी ट्यूबवर जाणार नाहीत. खोल पाण्यात अंगाला बांधायचं तरंगतं जाकीट नसेल तर दोन बंद डबे तरी दोरीनं कमरेला बांधा. बुडालेल्या माणसाचा हक्क त्याच्या पोरांना उपयोगी पडत नाही.

सहा. पाहुण्याला किंवा वाटाड्याला काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर. वाटाड्याला जनावरानं मारलं, पुरात गेला, तर त्याच्या घराला काय मिळेल, हे लिहिल्याशिवाय पहिलं पाऊल टाकायचं नाही.

कोणी म्हणेल, अभयारण्यात तुम्हाला हे ठरवायचा अधिकार कोणी दिला? आज कोणी दिलेला नाही, खरं आहे. पण ज्या गावानं आधीच आपला नियम लिहिला आहे, स्वतःवर आधी लावला आहे आणि वर्षभर पाळून दाखवला आहे, त्या गावाला उठवणं आणि ज्या गावाजवळ काहीच नाही त्याला उठवणं, यात फरक पडतो. उद्या कलेक्टरसमोर चौकशी लागली तर हा कागद साक्षीला उभा राहतो.

आता काय करायचं

इथून घरी गेल्यावर पुढच्या अमावास्येच्या आत प्रत्येक गावानं चार कामं करायची.

पहिलं, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पाच माणसांना, त्यात निदान दोन बाया, नदीकाठी घेऊन जायचं. डोहांची, ओढ्यांची, सापळ्याच्या जागांची नावं त्यांच्या तोंडून लिहून घ्यायची. नदीचा नकाशा जमिनीवर काडीनं काढायचा आणि मग वहीत उतरवायचा. अंगठे घ्यायचे.

दुसरं, घरोघर काय धरतात, कशानं, कोणत्या महिन्यात, याची यादी. खेकडे आणि झिंगे विसरायचे नाहीत.

तिसरं, तहसीलमधून वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रकाची नक्कल मागायची. अर्जाची पोच घ्यायची. नक्कल देत नाहीत म्हटलं तर तेही लिहून मागायचं.

चौथं, या तिन्हींच्या आधारानं कलेक्टरच्या नावानं गावचा दावा लिहायचा. मराठीत, साध्या भाषेत. "आमच्या गावचे लोक या पाण्यात अशा रीतीनं मासे धरत आले आहेत. हा हक्क नोंदवावा आणि चालू ठेवावा. आमच्या गावचे नियम सोबत जोडले आहेत." जाहीरनामा निघाला असो नसो, दावा टाकून पोच घ्यायची. लिहायला माणूस नसेल तर आम्ही येतो, फक्त निरोप द्या.

शेवटी त्या पोराबद्दल. त्याचा गळ अजून मिळालेला नाही. पण त्यानं दुसरा केला. परवा आम्हाला दाखवत होता. कोंबड्याचं पीस गळाला बांधून त्यानं खोटी माशी केलीय. म्हणाला, साहेब लोकांची पाहून केली नाही, तुम्ही सांगितली तशीच केली, आणि तिला मासा लागतो. आम्ही त्याला सांगितलं, लागू दे. पण आधी वहीत त्या डोहाचं नाव लिहू, मग गळ टाक.

जिंदाबाद.